कंपनी सरकारची खतावणी उलगडणारे बाबासाहेब

हातात राज्यघटनेचा ग्रंथ घेतलेला बाबासाहेबांचा पुतळा आज गावोगावी उभा आहे. सरकारी जमाखर्चाची वही हातात घेतलेला पुतळा आम्ही अजून कुठे पाहिला नाही. मुरुडला जयंतीच्या व्याख्यानमालेत दरवर्षी वक्ते येतात. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, धम्मदीक्षा या विषयांवर तळमळीने बोलतात आणि बोललेही पाहिजे. परंतु घटना लिहिण्याच्या तब्बल पस्तीस वर्षे आधी, चोवीस वर्षांच्या या तरुणाने आपली पहिली मोठी झुंज एका सरकारच्या हिशेबाच्या वहीशी घेतली होती, हे आमच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? पैसा कुणाकडून गोळा झाला, कुणावर खर्च झाला, फौजेला किती गेला आणि शाळेला किती उरला, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९१५ मध्ये विचारला आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडतानाही विचारला. त्यांच्या आयुष्याचा हा धागा प्रस्थापित अर्थतज्ज्ञांनी झाकून ठेवला याचे नवल नाही. आपणही तो उचलला नाही, याचे मात्र वाईट वाटते.

बाबासाहेबांचा जन्मच लष्करी छावणीतला. १४ एप्रिल १८९१, महू. वडील रामजी सुभेदार लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक होते, आजोबा मालोजी फौजेत होते आणि आईचे वडील मुरबाडकर हेही सुभेदार मेजर. म्हणजे दोन्हीकडचे घराणे कंपनी सरकारच्या आणि नंतर राणी सरकारच्या पगारपत्रकावर वाढलेले. गावात ज्याला येसकरपाळीची भाकर मागून खावी लागत होती, त्या समाजातल्या माणसाला दरमहा ठरलेला पगार, नंतर पेन्शन आणि मुलांना सक्तीचे शिक्षण कुठे मिळाले असेल तर या फौजेत. भीमा कोरेगावच्या स्तंभावरील नावे आपण आज अभिमानाने वाचतो. परंतु काम सरले की माणूस बाजूला सारायचा, हा धडाही याच फौजेने दिला. बाबासाहेब जेमतेम वर्षा-दोन वर्षांचे असताना, १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा भेद इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी उभा केला आणि ज्यांच्या बळावर पेशवाई बुडवली त्यांनाच बिगरलढाऊ ठरवले. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, रामजी सुभेदारांनीही धडपड केली, परंतु सरकार हलले नाही.

रामजींना पेन्शन मिळाली, ती घर चालवायला पुरेशी नव्हती. म्हणून ते सातारा जिल्ह्यात नोकरीला राहिले. १९०१ च्या सुमारास खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते रोखपाल होते. त्याच तलावावरच्या वडिलांना भेटायला निघालेल्या पोरांना गाडीवानाने कसे वागवले आणि रात्रभर पाणी कसे मिळाले नाही, ती हकीकत आपल्या सर्वांना पाठ आहे. आम्ही त्याच हकीकतीतल्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवतो. या मुलाचा बाप सरकारी कामाची रोकड सांभाळत होता. दुष्काळ, तलाव, मजुरी आणि सरकारी पैसा या गोष्टी त्याच्या घरात रोजच्या बोलण्यातल्या होत्या.

१९०७ ला मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए., फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तिथे सार्वजनिक अर्थशास्त्राचे जगातले मोठे अधिकारी प्रा. एडविन सेलिग्मन शिकवत होते. त्यांच्या हाताखाली बाबासाहेबांनी मे १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थकारण यावर एक छोटेखानी प्रबंध लिहिला. चाळीसेक पानांचा हा प्रबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या सहाव्या खंडात आहे. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यात आरडाओरड नाही. वकील जसा समोरच्या पक्षाचीच कागदपत्रे कोर्टात मांडतो आणि त्यातूनच त्याला उघडे पाडतो, तसे कंपनीचेच आकडे त्यांनी पुढे केले.

हे आकडे काय सांगतात? कंपनी ही व्यापारी पेढी. १७६५ मध्ये तिला बंगालची दिवाणी मिळाली आणि दुकानदार राजा झाला. मग तिने काय केले, तर बंगालच्या रयतेकडून वसूल झालेल्या साऱ्यातूनच माल विकत घेऊन तो विलायतेला पाठवला. ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्याच्याच खिशातून त्याची किंमत! दुकानाचा गल्ला आणि राज्याचा खजिना एकच होता. व्यापाराचा हिशेब वेगळा आणि मुलुखाचा वेगळा ठेवा, असे कायद्याने बजावायला १८१३ ची सनद यावी लागली. १८३३ मध्ये कंपनीचा व्यापारच संपला, परंतु भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश मात्र संपला नाही. तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचा असे ठरले आणि शेवटी त्यांचे भाग दुप्पट किमतीने फेडले गेले, तेही आपल्याच पैशातून. म्हणजे देश विकला गेला त्याची किंमतही विकल्या गेलेल्यांनीच भरली.

जमेच्या बाजूला सर्वात मोठी रक्कम शेतसाऱ्याची. त्याच्या खालोखाल अफू आणि मीठ. कारागिरांच्या हत्यारांवर आणि धंद्यावर बसणारा मोहतर्फा होता. मीठ गरीब आणि श्रीमंत सारखेच खातो, किंबहुना उन्हात राबणारा जास्त खातो. त्यामुळे हा कर कुणाच्या माथी बसला हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. खर्चाच्या बाजूला पाहिले तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बहुतेक वर्षे निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या फौजेने गिळली. तिच्या मागोमाग कर्जाचे व्याज आणि हे कर्जही मुख्यतः लढायांसाठीच काढलेले. न्याय, पोलीस, मुलकी कारभार यांना उरलेसुरले. रस्ते, कालवे, तलाव यांना शेवटचे चतकोर. १८५८ मध्ये ब्रिटिश खासदार जॉन ब्राइट यांनी पार्लमेंटात कंपनीची लाज काढली होती. एकट्या मँचेस्टर शहराने पिण्याच्या पाण्यावर जेवढे खर्च केले, तेवढेही कंपनीने १८३४ ते १८४८ या चौदा वर्षांत सबंध हिंदुस्थानातल्या सगळ्या बांधकामांवर मिळून खर्च केले नव्हते.

आणि १८५७? ते बंड मोडायला तीन-चार कोटी पौंड लागले आणि ते हिंदुस्थानच्या नावे कर्ज म्हणून मांडले गेले. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, परंतु कर्जाची वही तीच राहिली.

आमच्या मराठवाड्यातल्या वाचकाला वाटेल, आपण तर निजामाच्या राज्यात होतो, आपला या कंपनीच्या वहीशी काय संबंध? संबंध आहे आणि तो थेट घरापर्यंत येतो. निजामाने १७९८ पासून तैनाती फौज पत्करली. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची आणखी एक फौज त्याच्या गळ्यात पडली. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. हा पगार थकू लागला, थकबाकीवर कर्ज चढले आणि ते ५० लाखांच्या आसपास गेले. १८५३ च्या तहाने कंपनीने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या बाजूचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख स्वतःकडे घेतला. नळदुर्गचा कारभार पाहायला मेडोज टेलर हा अधिकारी येऊन बसला. निजामाच्या बाजूचा दावा असा होता की सिकंदराबाद आणि जालना छावण्यांतल्या आबकारीचे उत्पन्न कंपनीने वर्षानुवर्षे स्वतःकडे ठेवले, ते जमेला धरले असते तर कर्ज जवळजवळ फिटलेच असते. जमेच्या बाजूची एक ओळ गाळली की मुलूख हातचा जातो, तो असा! १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाखांच्या मोबदल्यात कायमचे इंग्रजांच्या भाडेपट्ट्यात गेले. धाराशिव, नळदुर्ग, लातूर, मुरुड या पट्ट्यातल्या रयतेला या सात वर्षांत कुणी विचारले का, की तुमचा सारा कुणाच्या फौजेला हवा? राजा बदलला, पुन्हा जुना राजा आला, सारा भरणारा तोच राहिला आणि गावकुसाबाहेर राबणाराही तोच राहिला.

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे परत येऊ. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबियाला पीएच.डी.चा प्रबंध दिला आणि लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला गेले. त्यांना नेमले गेले ते महाराजांचे लष्करी सचिव म्हणून, पुढे अर्थमंत्री करावे असा सयाजीरावांचा मानस होता. लष्कर आणि खजिना, दोन्ही एकाच माणसाच्या हाती येणार होते. परंतु शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत होते, राहायला घर मिळेना आणि पारशी खाणावळीतून लाठ्या दाखवून बाहेर काढण्यात आले. कोलंबियाची पदवी एकीकडे आणि जात एकीकडे, कुणाचे पारडे जड होते ते बडोद्याने दाखवून दिले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, तिथले पैसे साठवून, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन आणि शाहू महाराजांच्या मदतीने १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी.

पीएच.डी.चा प्रबंध वाढवून १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती या अर्थाच्या नावाने छापला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांना. हे पुस्तक कोरडे आहे अशी त्याची बदनामी आहे. आम्ही वकिलीचा अभ्यास केलेला माणूस म्हणून सांगतो, यात एका खटल्याची संपूर्ण मांडणी आहे.

खटला असा. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळी तिजोरी कलकत्त्याच्या हाती गेली. मुंबई, मद्रास या प्रांतांना गव्हर्नर जनरलच्या मंजुरीशिवाय नवी जागा निर्माण करता येईना की नवा खर्च करता येईना. खर्च करणारा एक आणि पैसा उभा करणारा दुसरा. काटकसर केली तर वाचलेला पैसा आपल्याकडे राहात नाही आणि उधळले तर आपल्याला तोशीस नाही, मग कुठला प्रांत काटकसर करील? जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळायचे. वरून फौजेचा बोजा, त्यामुळे तूट नित्याची झाली. १८६० मध्ये विलायतेहून जेम्स विल्सन यांना आणून पहिले रीतसर अंदाजपत्रक मांडावे लागले आणि प्राप्तिकर बसवावा लागला. पुढच्या काही महिन्यांतच ते कलकत्त्यात वारले. तूट काही वारली नाही.

मग डिसेंबर १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांनी युक्ती काढली. तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, रस्ते, सरकारी इमारती ही खाती प्रांतांकडे ढकलली आणि त्यासाठी ठोक रक्कम ठरवून दिली, तीही आधीच्या खर्चापेक्षा थोडी कमी. उरलेले तुम्ही उभे करा! परिणामी प्रांतांनी नवनवे स्थानिक कर बसवले. फौज, कर्ज आणि विलायतेचा खर्च वरच्या सरकारकडे राहिला, त्याला कात्री नाही. शाळा आणि दवाखाना खाली आला, त्याला कात्री. बाबासाहेबांनी या व्यवस्थेचे तीन टप्पे पाडले. १८७१-७२ पासून ठोक रकमांचे, १८७७-७८ पासून काही महसूल नेमून दिल्याचे आणि १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंत महसुलाच्या वाटणीचे. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी वकिली कसोटी लावली. प्रांताला स्वतःच्या अधिकारात कर बसवता येतो का? कर्ज काढता येते का? मंजुरीशिवाय खर्च करता येतो का? तिन्हींचे उत्तर नाही. मग याला प्रांतिक स्वायत्तता म्हणता येणार नाही, ही एकाच सरकारच्या खात्यांमधली कामाची वाटणी झाली, असा त्यांचा निष्कर्ष.

वाटणी झालेला पैसाही सुरक्षित नव्हता. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात वरच्या सरकारने प्रांतांच्या शिलकेत हात घातला. १८७६-७८ च्या महादुष्काळात लाखो माणसे मेल्यावर दुष्काळ निवारणासाठी वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला ठेवायचे ठरले आणि त्यासाठी नवे कर बसवले गेले. युद्ध आले तेव्हा कर चालू राहिले आणि तरतूद थांबली. उपाशी माणसाच्या नावाने गोळा झालेला पैसा काबूलच्या वाटेला लागला. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कसा वळवला जातो हे पाहणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना हे ओळखीचे वाटेल. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांसाठी या उपयोजनेतले सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले आणि २०१० मध्ये ते चुकीचे झाल्याचे संसदेत मान्य करावे लागले. लेखाशीर्ष आपले, रस्ता दुसऱ्याचा. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या पैशासाठी कायदे केले ते याच अनुभवातून.

लष्करी खर्चाच्या बाबतीत तर कहरच होता. १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी आफ्रिकेत ॲबिसिनियावर स्वारी केली, तिथे गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच खात्यावर पडला. त्याच १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, त्याच्या मेजवानीचे बिलही हिंदुस्थानने भरले. दादाभाई नौरोजींनी यावर आयुष्यभर लढा दिला, त्यातूनच १८९५ चा वेल्बी आयोग नेमला गेला आणि गोखल्यांनीही त्यापुढे साक्ष दिली. त्यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु देशाची संपत्ती बाहेर जाते एवढ्यावर त्या पिढीचे बहुतांश बोलणे थांबले. देशातल्या देशात कुणाच्या घामाची संपत्ती कुणाच्या घरी जाते, हा पुढचा प्रश्न बाबासाहेबांनी जोडला. याच पुस्तकात त्यांनी दाखवले की जातिव्यवस्थेला हात लावण्याची, वारसाहक्काचे कायदे बदलण्याची, मिश्रविवाह कायदेशीर करण्याची आणि चहाच्या मळेवाल्यांवर कर बसवण्याची या सरकारची छातीच नव्हती. पहा, जात आणि चहामळेवाला यांना त्यांनी एकाच रांगेत बसवले! जे सरकार करदात्याला जबाबदार नाही, ते बलवानाला दुखवत नाही. मग तो बलवान गोरा असो की सोवळ्यातला असो.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांना महसूल वेगळा दिला, पण बदल्यात वार्षिक वर्गणी मागितली. मेस्टन समितीने ती ९८३ लाख रुपये ठरवली. त्यात मद्रासवर ३४८ लाख, संयुक्त प्रांतावर २४० लाख, पंजाबवर १७५ लाख आणि मुंबईवर अवघे ५६ लाख. या वाटणीवरून प्रांतांत तंटे झाले आणि १९२८-२९ पर्यंत वर्गणी पूर्ण बंद करावी लागली. द्विदल राज्यपद्धतीत काही मंत्री लोकांना जबाबदार आणि बाकीचे गव्हर्नरला जबाबदार, आणि तिजोरी मात्र सामाईक. अशा गाड्याला दोन तोंडांचे बैल जुंपल्यावर तो चालणार नाही, हे बाबासाहेबांनी पुस्तकातच सांगून ठेवले होते.

हा माणूस डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग चलन आयोगापुढे साक्ष देऊन आला आणि १९२७ च्या आरंभी मुंबई कायदे मंडळात नियुक्त सभासद म्हणून बसला. फेब्रुवारीत अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी, परंतु दोन बिघे कसणाऱ्या शेतकऱ्याला पीक येवो न येवो, सारा द्यावाच लागतो, हा कुठला न्याय? मार्चमध्ये शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी इलाख्याचा माणशी हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या आबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्याच महिन्यात, २० मार्चला, महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सरकारी पैशाने राखलेले, ठराव नगरपालिकेने केलेला आणि पाणी मात्र मिळत नव्हते. अंदाजपत्रकावर बोलणारे बाबासाहेब वेगळे आणि महाडचे बाबासाहेब वेगळे, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्यात.

लष्कराच्या बाबतीत त्यांची भूमिका सोपी नव्हती आणि आमच्या मते हीच त्यांच्या चरित्रातली सर्वात विचार करायला लावणारी जागा आहे. फौजेचा खर्च देशाला खातो हे ते जाणत होते. फौजेनेच आपल्या समाजाला अक्षर आणि अन्न दिले हेही ते जाणत होते. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी अस्पृश्यांना लष्करात व पोलिसात घ्या अशी मागणी केली. १९४० च्या पाकिस्तानवरील ग्रंथात त्यांनी पुन्हा वही उघडली. केंद्राच्या सुमारे १२१ कोटी महसुलापैकी ५२ कोटी फौजेवर जात होते आणि भरती मात्र प्रामुख्याने पंजाब आणि सरहद्दीतून होत होती. पैसा कुणाचा आणि शिपाई कुणाचा, हा त्यांचा सवाल होता. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. रामजी सुभेदारांचे जे काम अर्जावर अडले होते, ते पन्नास वर्षांनी मुलाने समितीत बसून पूर्ण केले. यात विसंगती नाही. करातून फौज उभी राहणारच असेल, तर त्या फौजेतल्या पगारावर, बढतीवर आणि पेन्शनवर कर भरणाऱ्या सर्वांचा हक्क आहे, हे त्यांचे गणित होते.

घटना समितीत हा सारा अभ्यास कामी आला. कायद्याशिवाय कर नाही हे अनुच्छेद २६५, संचित निधीतून कायद्याने मंजूर झाल्याशिवाय छदामही काढता येणार नाही हे २६६, केंद्र-राज्य महसुलाच्या वाटणीसाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग हे २८०. मेयो आणि मेस्टन यांच्या मर्जीची जागा अनुच्छेदांनी घेतली. महालेखापालाच्या पदावर मे १९४९ मध्ये चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी हा अधिकारी घटनेतला कदाचित सर्वात महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले आणि त्याचे काम न्यायाधीशांच्या कामापेक्षाही मोठे मानले. म्हणून त्याला काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच रीत. आम्ही कोर्टात काळा कोट घालून उभे राहणारे लोक न्यायाधीशाला सर्वात वर मानतो. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर असून हिशेब तपासनिसाला वर बसवत होते.

अशा माणसाला स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात काय मिळाले? कायदा खाते. नियोजन खात्याची आशा दाखवली गेली होती, ती पुरी झाली नाही. परराष्ट्र समितीवर नाही, संरक्षण समितीवर नाही. आर्थिक व्यवहार समिती झाली, तेव्हा मूळचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तरी आपली नेमणूक होईल असे त्यांना वाटले, तिथेही सुरुवातीला डावलले. कोलंबिया आणि लंडनच्या अर्थशास्त्राच्या पदव्या असलेला दुसरा माणूस त्या मंत्रिमंडळात कोण होता, हे कुणी सांगेल काय?

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचा गळा घोटला गेला हे त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. मागासवर्गीयांकडे झालेले दुर्लक्ष हे दुसरे. परंतु त्या निवेदनात आणखी एक आकडा आहे. वर्षाला उभ्या होणाऱ्या ३५० कोटी महसुलापैकी १८० कोटी रुपये फौजेवर जातात आणि ते परराष्ट्र धोरणामुळे जातात, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपण ठेवला नाही, असे त्यांनी मांडले. १९१५ च्या प्रबंधात कंपनीच्या फौजेचे जे प्रमाण त्यांनी काढले होते, तेच जवळपास छत्तीस वर्षांनी आपल्याच सरकारच्या वहीत त्यांना दिसत होते. १० ऑक्टोबर १९५१ रोजी हे निवेदन लोकसभेपूर्वीच्या त्या हंगामी संसदेत वाचायला ते उभे राहणार होते. निवेदनाची प्रत आधी द्या आणि वेळ आम्ही सांगू ती, असा आग्रह अध्यक्षपदावरून झाला. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९५१ मध्ये, अनुच्छेद २८० खालचा पहिला वित्त आयोग के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला.